न सरकलेला डाग

हातोडी अंगठ्यावर बसली आणि नख काळं पडलं. सुताराला यात नवल नाही. खोकल्यासाठी दवाखान्यात गेलो होतो, निघताना अंगठाही दाखवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त साकळलंय, काका. नख वाढेल तसं पुढे सरकून जाईल."

मला खूण केल्याशिवाय चैन पडत नाही. डागाच्या मागच्या कडेला, नखाच्या मुळापाशी, कानशीने बारीक खाच पाडली. ही म्हणाली, "लाकडं संपली वाटतं, आता स्वतःलाच तासा."

खाच सरकत सरकत टोकाला आली आणि नखाबरोबर कापली गेली. तिच्या मागे स्वच्छ नख यायला हवं होतं, पण काळंच आलं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर मी गप्प बसलो.

आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाई स्कूटरवरून थेट माझ्या कारखान्यात आल्या. "हात दाखवा, काका." त्यांच्यासारख्या साध्या डॉक्टरांसाठी कातडीचा कर्करोग लवकर ओळखायचा वर्ग होता. तिथे एका नखाचा फोटो दाखवला आणि त्यांना माझा अंगठा आठवला.

दिवा लावलेल्या भिंगातून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी खाचेचं सांगितलं, तशा त्या फळ्यांच्या चळतीवर बसल्याच.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

"माझं चुकलं, काका. कर्करोग असू शकतो. तुकडा काढून तपासावा लागेल."

"माप माझंही चुकतं," मी म्हणालो, "पण मी नवी फळी आणतो."

त्यांनी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली.

कर्करोगच निघाला. अंगठा पहिल्या सांध्यापर्यंत गेला. पसरलाय का बघायला काखेतली गाठही काढून तपासली, तिच्यात काही सापडलं नाही. रंधा अजून चालवतो, वेळ दुप्पट लागतो.

पुढच्या वर्गाला त्यांनी मला बोलावलं. ही म्हणाली, "जा, मिरवून या." वीसेक डॉक्टर होते. मी बाकाबाकावरून हात दाखवत फिरलो. डॉक्टरीणबाईंनी स्वतःची चूक सगळ्यांसमोर सांगितली, एक शब्द गाळला नाही. एकाने विचारलं, "काका, तेव्हा तुम्हाला काय विचारायला हवं होतं?"

"महिन्याने परत या म्हणाल्या असत्या, तरी पुरलं असतं."

शेवटच्या बाकावरचे पिकल्या केसांचे डॉक्टर उठून व्हरांड्यात गेले. दार उघडंच होतं. ते फोनवर बोलत होते. "मावशी, तळपायाच्या डागाला मी मलम दिलं होतं ना? ते राहू द्या. आज संध्याकाळी येता का? नाही, तुम्ही नका येऊ. मीच येतो."