घोटभर पाणी

"तुले काय मुंग्या डसून राहिल्या का वं जयवंता? घडीभर एका जागी बसत नाई!" तुळसाबाई खेकसली.

मौद्याच्या अलीकडच्या त्या सातऱ्यावर मार्चचं ऊन मी म्हणत होतं. सातरा म्हणजे मिरच्या वाळवायचं मोकळं रान. नजर जाईल तिथवर लाल, आणि त्या लालीत चाळीस बाया देठ खुडत बसलेल्या. खुडून खुडून बोटं अशी तिखट होतात की डोळ्याला लावायची सोय नाही, आणि दुसरीकडं कुठं लावायची तर त्याहून नाही. म्हणून सातऱ्याचा एक कायदा होता, आणि तो तुळसाबाईनं केलेला होता. सकाळी घरून निघताना एक घोट, दुपारी भाकरीवर एक घोट, बस्स. पाणी पिशीन तर जाशीन कुठं? आडोसा नाही, आणि तिखट हातानं गेलीस तर दिवस मावळेस्तोवर आगच आग. मालकाच्या ऑफिसमागं एक संडास होता, पण त्याला कुलूप. तो येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी. बायांचं काय, त्या रानातल्याच!

तुळसाबाई जयवंताची मोठी जाऊ. वीस वर्षं सातऱ्यावर काढलेली, तोंडाची मिरचीपेक्षा तिखट.

जयवंता बसत नव्हती त्याला कारण होतं. महिनाभर उजव्या कुशीत कळ येत होती. आठ दिवसांमागं तालुक्यातल्या एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली, आणि अंडाशयावर गाठ निघाली. गाठ कशाची, केवढी, हे काही पक्कं सांगता येत नाही म्हणाले. पण वय छत्तीस, दोन लेकरं झालेली, मग जोखीम कशाला? गाठीसंगं गर्भाची पिशवीही काढून टाकू म्हणाले. सोमवारी या. आणि आज शुक्रवार होता.

"काढून टाक ना मंग," तुळसाबाई म्हणाली. "दोन लेकरं झाले. आता काय त्या पिशवीचं लोणचं घालाचं हाये? म्या काढली बत्तिसाव्या वर्सी. मेली का मी?"

"मेल्या नाई बाई, पण..."

"पण काय?"

पण काय, ते साऱ्या सातऱ्याला दिसत होतं. तुळसाबाई भर पौषात पदरानं वारा घ्यायची. उठताना गुडघे धरून आईला हाका मारायची. झोप तर तिची कधीच उडाली होती. जुन्या बाया सांगत, आधी ही तुळसा देठ खुडता खुडता गाणी म्हणायची, सारा सातरा डोलवायची. हे खेकसणं पिशवी गेल्यानंतरचं.

संध्याकाळी घरी भांडण पेटलं. जयवंताचा नवरा धर्मेंद्र विजेच्या प्लांटवर ठेकेदाराकडं कामाला. डबा ठेवायच्या आधीच तिनं सांगितलं, "अवो, मले उद्या नागपूरले जाचं हाये. मोठ्या सरकारी दवाखान्यात एकडाव दाखवाचं हाये."

"आन सोमवारची सुट्टी मांगून ठेवली ते? हातापाया पडलो म्या सुपरवायझरच्या! डॉक्टर म्हणते गाठ हाये, आन तू म्हणतं नाई!"

"गाठ नाई असं म्या म्हटलं का? कागद म्या मिनलताईले दाखवला." मिनल म्हणजे गावची आशाताई. "ताई म्हणे, त्यात लिहलं हाये का बरोबर दिसलं नाई, परत तपासा. जे दिसलंच नाई ते कापाचं कसं?"

"आन कॅन्सर-बिन्सर असन तर? तू दवाखाने हिंडत बसशीन आन..."

धर्मेंद्र वाईट नव्हता हो. घाबरला होता. घाबरलेला पुरुष ओरडतो, दुसरं काय करणार? अंगणात जाऊन तो उगाच गाडीची चेन पुसत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "सोमवारच्या आत काय ते कर. पण एकटी नको जाऊ."

"मी हाये ना तिच्यासंगं!" भिंतीपलीकडून तुळसाबाई ओरडली. सगळं ऐकत होती बया. "नागपूरचा डॉक्टर बी हेच सांगन पाहा! घरचं सोडून दारचं धुंडाचं, दुसरं काय!"

शनिवारी सकाळच्या बसनं दोघी निघाल्या. दवाखान्यात तीन तास रांगेत गेले. जयवंता उठे, बसे, पुन्हा उठे. फाइलचा एक कोपरा तिनं नखानं कुरतडून टाकला. शेवटी नाव पुकारलं. मशीनवरची डॉक्टर म्हणजे पोरगीच होती. तिनं पोटावरून ते यंत्र इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं आणि म्हणाली, "काहीच नीट दिसत नाही. पाणी पिऊन आलात ना, ताई?"

"पेली ना."

"किती?"

"एक घोट."

पोरगीचा हात थांबला. "अहो, लघवीची पिशवी भरलेली असली तरच आतलं दिसतं. मागच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं?"

"सांगतलं होतं, पाणी पिऊन या म्हणून. तवाबी पेली होती. घोटभर."

खोटं नव्हती बोलत बिचारी. सातऱ्यावरच्या बाईनं पाणी प्यायलं म्हणजे घोटच प्यायला. दिवसाउजेडी तांब्याभर पाणी पिणारी बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती.

"बाहेर बसा, दीड लिटर प्या आणि धरून ठेवा. अगदी राहवेना झालं की आत या."

बाप्पा रे बाप्पा! पहिली बाटली गेली, दुसरी अर्धी गेली, आणि जयवंताचे डोळे पांढरे व्हायला आले. बाकड्यावर ती पाय हलवू लागली, लुगड्याचा काठ दातात धरू लागली.

"बाई, फुटते आता!"

"फुटत नाई. इतके वर्सं कोरडी राहून धरलं, आता घडीभर भरून धर," तुळसाबाईनं तिचा हात आवळला. दोघींना हसू आलं, पण हसायचीसुद्धा सोय नव्हती.

मग मात्र सगळं दिसलं. रिपोर्ट पाहून मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाण्याची गाठ आहे. लिंबाएवढी. एकाच बाजूला. भीतीदायक असं काही दिसत नाही, तरी रक्ताची तपासणी करू. अशी गाठ पुष्कळदा आपोआप जिरते. दीड-दोन महिन्यांनी परत या. वाढली तर तेवढी गाठ काढता येईल. पिशवीला हात लावायचं आज तरी कारण नाही. मात्र एकाएकी जोराची कळ आली, उलट्या झाल्या, तर तसंच निघून यायचं. वाट पाहायची नाही."

"पण नक्की जिरन ना, बाई?"

"नक्की कसं सांगू? पाहू."

पाहू! जयवंताला हो तरी हवं होतं, नाही तरी. हे 'पाहू' पोटात घेऊन दोन महिने काढायचे कसे? ती उठली. पण तुळसाबाई उठली नाही.

"डॉक्टरबाई, एक इचारू का?" एरवी सातरा दणाणून सोडणारी बाई, तिचा आवाज खाली गेला होता. "माही पिशवी काढली, चौदा वर्सं झाले. तवा माही बी अशीच सोनोग्राफी केली होती. तवा मी बी घोटभरच पेली होती."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "तेव्हाचे कागद आहेत?"

"चुलीत गेले."

"मग आता सांगता नाही येणार, मावशी. गरज असेलही तेव्हा."

"असन," तुळसाबाई म्हणाली. "नसनबी."

परतीच्या बसमध्ये तुळसाबाई रिकामी बाटली मांडीवर धरून बसली. धर्मेंद्रनं फोनवर सगळं दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "बरं झालं वं," आणि मग बराच वेळ फोन ठेवलाच नाही.

सोमवार उजाडला, ऑपरेशनचा सोमवार. जयवंता टेबलावर नाही, सातऱ्यावर होती. दहाच्या सुमारास तुळसाबाई मिरच्यांतून उठली आणि तशीच लाल हातांनी ऑफिसात शिरली. मालक मनोहरराव दोन व्यापाऱ्यांसंगं चहा पीत बसले होते.

"मनोहरराव, संडासाची चाबी द्या."

"काहून? तो बाहेरच्या लोकायसाठी हाये ना वं."

"चाळीस बाया कोरड्या बसून राहिल्या तुमच्या सातऱ्यावर. वीस वर्सं झाले मले."

"बरं, पाहू..."

"पाहू नाई!" तुळसाबाईनं दोन्ही पंजे त्यांच्या नाकासमोर धरले. "चाबी देता, का पुसून देऊ तुमचं तोंड या हातानं?"

व्यापारी खो खो हसले. मनोहरराव खुर्चीसकट मागं सरकले, आणि खिळ्यावरची चाबी खाली आली.

"साबण बी पायजे," तुळसाबाई म्हणाली. तोही मिळाला.

हात धुऊन तिनं माठातून तांब्या भरला आणि आधी जयवंतापुढं धरला. जयवंतानं सवयीनं एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"ठेवू नको. पुरा पे."

जयवंता प्यायली. गाठ आत होती तिथंच होती, जिरणार की वाढणार कोणाला ठाऊक. पण तांब्या तिनं तळापर्यंत रिकामा केला.

मग तुळसाबाईनं तो स्वतःसाठी भरला आणि उभ्यानंच गटागटा प्यायली. पिता पिता तिचे डोळे वाहू लागले.

"मिरची गेली वं डोळ्यात," ती म्हणाली.

हात तिनं आत्ताच साबणानं धुतले होते, ते साऱ्या सातऱ्यानं पाहिलं होतं.