त्रेपन्नावा खण

"सोडियमचं घराणं या खोक्यात आणि क्लोरीनचं त्या. दोघांना शेजारी ठेवू नका," काका म्हणाले. "भेटले की पेटतात."

"आमच्या सासुरवाडीसारखंच की!" बाटल्या न्यायला आलेला माणूस म्हणाला आणि आपणच खो खो हसला.

काका हसले नाहीत. त्यांनी सोडियमची बरणी दोन्ही हातांनी उचलली, आतले तुकडे रॉकेलात पूर्ण बुडालेत ना ते पाहिलं आणि बरणी खोक्यात ठेवली. एकतीस वर्षं ते या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे सहायक होते. मुलं त्यांना पाठीमागे 'आर्गॉन' म्हणत. हा वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपल्या खणात गुमान बसून असतो. काकांना हे नाव ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नसे. बावीस दिवसांपूर्वी त्यांची बायको गेली. सहाव्या दिवशी ते कामावर हजर झाले, तर मुलांना त्यांच्यात काही म्हणजे काही फरक दिसला नाही. यातच सगळं आलं.

खरं तर त्यांना स्वतःलाही दिसत नव्हता. दवाखान्यात नऊ ठिकाणी सह्या केल्या आणि पेन टोपण लावून परत दिलं. दाढ काढण्याआधी सुई दिली की गाल आपला वाटत नाही, तसं त्यांना सबंध अंगभर वाटत होतं. मुलगी रोज म्हणायची, "बाबा, एकदा रडून घ्या हो." ते म्हणायचे, "बघू."

आज प्रयोगशाळेच्या भिंतीवरची लाकडी मांडणी रिकामी व्हायची होती. मूलद्रव्यांचा तक्ताच होता तो, एकशे अठरा खणांचा. ज्याचा नमुना ठेवता येईल त्याची बाटली, नाही त्याची चिठ्ठी. जुनी रसायनं उघड्यावर ठेवायची नाहीत, असा वरून हुकूम आला होता. भिंतीवर आता पडदा लागणार होता. बोट लावलं की मूलद्रव्य आपली माहिती आपणच सांगणार.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुटीत, काकांनी सुताराला हाताशी धरून ही मांडणी केली होती. काकांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून लेबलं लिहायला बायको यायची. ती दवाखान्यात परिचारिका होती, ड्रेसिंगच्या खोलीत. ड्यूटी संपली की तशीच यायची. हाताला आयोडीनचा वास. कितीही साबण लावा, तो काही जात नसे.

तेव्हा शेवटच्या ओळीत बरेच खण मोकळे होते. तेव्हाचे विभागप्रमुख, जुने सर, तिला सांगायचे, "बाई, ज्याने हा तक्ता पहिल्यांदा नीट मांडला ना, त्या मेंडेलीव्हनेसुद्धा जागा मोकळ्या सोडल्या होत्या. वर सांगून ठेवलं, की इथे येणारा असा असा असेल. पुढे ते सापडले आणि नेमके त्याच जागी बसले."

"म्हणजे न आलेल्या पाहुण्याचं ताट वाढून ठेवलं म्हणा की!" ती म्हणाली होती.

पुढे जसजशी नावं जाहीर झाली, तसतशा चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या. शेवटची चार एकदमच आली. ती मूलद्रव्यं डोळ्याचं पातं लवायच्या आत नाहीशी होतात, पण खण मात्र कायमचा.

"काका, सतरावा रकाना," मॅडमनी हाक मारली. मॅडम म्हणजे विभागाच्या नव्या प्रमुख, काकांच्या मुलीच्याच वयाच्या. हातात यादी होती. "आयोडीन?"

काकांनी बाटली काढली. लेबलावर '५२' लिहिलेलं होतं, त्यावर एक आडवी रेघ होती, शेजारी '५३' आणि खाली तिची बारीक सही.

चूक काकांची होती. त्यांनी नुसती वजनं पाहून क्रम लावला होता. टेल्युरियम भारी, आयोडीन हलकं. म्हणून आयोडीन आधी, बावन्नाव्या खणात. जुने सर आले, पाहिलं आणि मिशीत हसले. "वजनाने तुमचं बरोबर आहे हो. पण आयोडीन वागतं क्लोरीनसारखं. त्याला त्याच्या माणसांत बसवा. मेंडेलीव्हनेही इथे वजन सोडलं आणि वागणं धरलं. खरा क्रम अणूच्या पोटातल्या प्रोटॉनवरून लागतो, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली."

काका लेबल फाडायला निघाले, तर बायकोने हात धरला.

"फाडता काय? आमच्याकडे केसपेपरवर चुकलं तर खोडरबर चालत नाही. एक रेघ मारायची, खरं ते लिहायचं आणि सही ठोकायची. खालचं वाचता आलं पाहिजे."

आणि खरोखरच तिने सही ठोकली. एका बाटलीवर! जुने सर पोट धरधरून हसले होते.

"ही तर रिकामीच आहे," बाटल्यावाला बाटली उजेडात धरून म्हणाला. दिसायला तरी तशीच होती. आयोडीन न वितळताच वाफ होऊन जातं. झाकण कितीही घट्ट असो, एवढ्या वर्षांत ते कणाकणाने निसटत गेलं होतं. "रिकाम्या आम्ही नेत नाही. इथे 'रिकामी' लिहा, सही करा आणि ठेवा तुमची तुम्हाला."

काकांनी पेन घेतलं. ही बाटली त्यांना हवी होती. सकाळपासून दुसरं काहीच नको होतं. पण एकतीस वर्षांत साधी परीक्षानळी त्यांनी घरी नेली नव्हती आणि मागायला तोंड उघडेना. आता तर मागायचीही गरज नव्हती.

मॅडमनी लेबलावरची सही वाचली. त्या हळूच म्हणाल्या, "करा ना सही, काका."

काकांनी पेन खाली ठेवलं. हातमोजा काढला आणि हाताची ऊब लागावी म्हणून बाटली मुठीत धरून उभे राहिले. मिनिटभराने त्यांनी मूठ उघडली. बाटलीच्या गळ्याशी जांभळट रंग दिसत होता. असून नसल्यासारखा, पण होता.

"आहे अजून," ते म्हणाले.

"अहो, हे काय असणं झालं? कोण बघतंय?"

"रिकामी नाही ती."

"काका, तुम्ही म्हणालात तर मी..." मॅडम म्हणाल्या.

"नको मॅडम."

आपण मूर्खपणा करतोय हे त्यांना चांगलंच कळत होतं. एक शब्द लिहिला की बाटली खिशात. दवाखान्यात बायकोच्या नावापुढे त्यांनी नऊ वेळा काय काय लिहून दिलं होतं, न वाचता. पण तिच्या सहीच्या बाटलीबद्दल खोटं लिहायला हात धजेना.

त्यांनी यादीत लिहिलं, 'आयोडीन, अत्यल्प.' सही केली.

"निदान लेबल तरी?" मॅडमनी विचारलं.

"बिनलेबलाची बाटली आम्हाला चालत नाही," बाटल्यावाला ओशाळून म्हणाला.

काकांनी झाकण घट्ट केलं, त्याच्या कडेला साचलेलं तपकिरी आयोडीन उघड्या बोटांनीच निपटलं आणि बाटली क्लोरीनच्या खोक्यात, तिच्या माणसांत ठेवली. मग झेनॉनच्या चिठ्ठीकडे वळले.

संध्याकाळी घरी मुलीने ताट वाढलं होतं. ती महिनाभरासाठी राहायला आली होती.

"हात धुतलेत?"

"नाही."

"हे काय लागलंय?" तिने त्यांचा उजवा हात जवळ ओढला. बोटं पिवळट तपकिरी झाली होती. ती वाकली आणि तिथेच थांबली. पुन्हा एकदा वास घेतला.

"बाबा, हा तर आईच्या..."

तिने तो हात दोन्ही हातांत धरला. ती रडत राहिली. काकांना रडू आलं नाही. त्यांनी डाव्या हाताने तिची पाठ थोपटली. उजवा तिच्याकडेच राहू दिला.

तिचं रडं ओसरल्यावर ती डोळे पुसत उठली. "चला, साबण देते. जेवण निवतंय."

हा डाग धुवावा लागत नाही, दोन दिवसांत आपोआप उडून जातो, हे काकांना ठाऊक होतं.

"साबण राहू दे," ते म्हणाले. "चमचा दे."