कबुतरांचा भात

“डास नाय, ढेकूण नाय, मग चावतंय काय मला?” गॅलरीत जाळं विणत बसलेले धर्मराज स्वतःशीच कुरकुरत होते. म्हैस खांबाला अंग घासते तशी त्यांनी चौकटीला पाठ घासली.

“म्हातारपन चावतंय,” आतून सोनाबाई म्हणाल्या.

भाकरी थापता थापता किशोरीला सासूसासऱ्यांचं हसू आलं, आणि पिठाचा हात आपसूक मानेवर गेला. तिलाही चावत होतं. चार वर्षांच्या भाविकाच्या काखेत, पोटावर तर नुसतं लाल पुरळ उठलं होतं. डॉक्टर म्हणाले खरूज. चौघांनी नखशिखांत मलम चोपडलं, चादरी उकळल्या. घरभर मलमाचा वास सुटला, खाज मात्र जागची हलली नाही.

मोरा बंदरावरचं घर सोडून ही मंडळी नवीन पनवेलला भाड्याच्या घरात आली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. घर दाखवणाऱ्या एजंटाला धर्मराजांनी एकच गोष्ट विचारली होती, “खिडकीतून खाडी दिसते काय?” म्हाताऱ्याला देखावा हवाय असं वाटून तो बिचारा ओशाळला. “नाही हो काका, समोर बिल्डिंगच आहे.”

“मग घेतो,” धर्मराज म्हणाले.

त्यांचा परेश, किशोरीचा नवरा, मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात होडीवर गेला आणि वादळात होडीसकट हरवला. बरोबरच्या दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, तीही ओळखू येतील न येतील अशी. बाकीच्यांचं काहीच आलं नाही. त्यांच्या घरच्यांनी दर्भाचे पुतळे करून विधी उरकले, रडून घेतलं. सोनाबाईंकडे हा विषय घेऊन आलेल्या भावकीला मात्र उंबऱ्यातूनच परत जावं लागलं. “माजा पोर पोहनारा हाय,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून परेश ‘बोटीवर’ होता. भाविकाला तसं सांगितलं जाई आणि सांगता सांगता मोठी माणसंही तसंच बोलत. किशोरी रोज कुंकू लावायची, पण आरशात न बघता. सगळ्यांना सगळं कळत होतं. पण जो पहिल्यांदा बोलेल त्याच्या तोंडून परेश मरणार होता. एवढं पाप डोक्यावर घ्यायचं कुणी?

सोनाबाईंचा एक नेम होता. भात उतरला की पहिली गरम मूठ गॅलरीच्या कठड्यावर ठेवायची, कबुतरांसाठी. कबुतरं गुटर्गू करत यायची, शीत न् शीत टिपायची. कावळा फिरकला तर मात्र बाई हातात असेल ते उगारून धावायच्या. याच सोनाबाई मोऱ्याला असताना कौलावर कावळा ओरडला की “पाहुना येतोय गो” म्हणत मूठभर तांदूळ जास्त घालायच्या. आता त्याची सावलीसुद्धा त्यांना खपत नव्हती.

“आजी कावळ्यालाच का मारते?” एकदा भाविकाने विचारलं.

“चोर हाय तो,” धर्मराज घाईने म्हणाले.

आयतं जेवण मिळालं की कोण हलतो? कबुतरांनी गॅलरीतल्या रिकाम्या पिंपामागे संसार थाटला. काड्या, खराट्याचे हीर, धर्मराजांच्या जाळ्याचा निळा दोरा, जे मिळेल ते आणून रचलं. दोन पिल्लं झाली, मोठी झाली, उडून गेली. मोठी कबुतरं भातापुरती येत राहिली. आणि त्यानंतरच घरात ही खाज सुरू झाली.

त्या दिवशी भाकऱ्या आवरून किशोरी गॅलरी झाडायला गेली. भिंतीवरची धूळ पुसायला तिने बोट टेकवलं, तर धूळ चालायला लागली. टाचणीच्या टोकाहून बारीक जीव, काही करडे, काही रक्त पिऊन लाल झालेले. त्यांची रांग पिंपामागून निघून खिडकीच्या फटीत शिरत होती. फटीच्या आत भाविकाची गादी.

ती तशीच सासूकडे आली. सोनाबाई तांदूळ निवडत होत्या.

“आई, हे कबुतरांचे किडे आहेत. घरट्यातून येताहेत.”

सोनाबाईंनी वर पाहिलं नाही. “ठाव हाय.”

“ठाऊक आहे?”

“कोंबड्या पाळल्यात मी. कोंबडी खुराड्यातून गेली का पिसवा मानसाला धरतात. रिकाम्या घरात त्यांनी तरी काय खावं?”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत? पोरीला मलम फासत बसलो आपण!” किशोरीचा आवाज कधी नव्हे तो चढला.

“बोलले असते तर घरटं काडावं लागलं असतं.” सोनाबाईंनी एक खडा वेचला, दुसरा वेचला. “कबुतरं गेली, तर तो भात खायला कोन येनार?”

किशोरीला उत्तर माहीत होतं. गॅलरीत जाळं विणणारे हातही थांबले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाविका उठली ती एक डोळा मिटूनच. पापणी सुजून लिंबाएवढी झाली होती. सोनाबाईंनी नातीकडे पाहिलं, पदर खोचला, नाकातोंडाला फडकं बांधलं आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. कुणाला पुढे येऊ दिलं नाही. घरटं पोत्यात घालून तोंड आवळलं. उकळत्या साबणाच्या पाण्याने भिंत, कठडा, फटी घासून काढल्या. घासताना त्या सारख्या पुटपुटत होत्या, “लेकराला चावता काय? माज्या लेकराच्या लेकराला?”

डॉक्टरांनी या वेळी घरट्याचं ऐकून घेतलं आणि औषध बदललं. फवारणीवालाही येऊन गेला. राहिलं होतं गॅलरी बंद करायचं. धर्मराजांनी विणून झालेलं जाळं उचललं आणि वरपासून खालपर्यंत ताणून बांधलं.

“जल्मभर अडकवायला जाळी विनली,” ते म्हणाले, “हे पयलं, अडवायला.”



आठवडाभरात खाज गेली. भाविका शांत झोपू लागली. कबुतरं जाळ्यावर चोची आपटून आपटून दुसऱ्या बिल्डिंगकडे गेली. सोनाबाईंचा नेम तेवढा सुटेना. भात उतरला की मूठ घेऊन त्या गॅलरीपर्यंत जायच्या आणि मूठ तशीच घेऊन परत यायच्या.

एका सकाळी त्या परतल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थांबल्या. या खिडकीला जाळं नव्हतं. त्यांनी भात बाहेर ठेवला. किशोरी ओट्याशी होती, ती नुसती बघत राहिली. सोनाबाईंनी झाकण सरकवून तव्यातली बोंबलाची तुकडी घेतली आणि भातावर ठेवली. परेशला तळलेला बोंबील लागायचाच.

कावळा समोरच्या अँटेनावर होता. मान वाकडी करून त्याने पाहिलं आणि खिडकीत येऊन बसला.

सोनाबाईंचा हात सवयीने वर गेला. किशोरीने तो धरला नाही. तिला वाटलं धरावा, पण तिने ओट्याची कडाच धरून ठेवली. हात तसाच वर राहिला, मग हळूहळू खाली आला. दारात धर्मराज जाळ्याची सुई हातात घेऊन उभे होते.

कावळ्याने आधी बोंबील उचलला.

“बघ,” सोनाबाई म्हणाल्या. “बघ गो किशोरी, कसा खातो. भुकेला होता.” त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला.

“गेला गो. माजा परेश गेला.”