ओळीखालची पट्टी

मी बोलतेय ती एका पुस्तकाच्या दोन पानांमधून. त्यामुळे आवाज जरा दबका येईल, तेवढं सांभाळून घ्या. मी एक पुठ्ठ्याची पट्टी. वाचताना मुलांनी मला ओळीखाली धरायचं, म्हणजे नजर घसरून भलत्याच ओळीवर जात नाही. एवढंच माझं काम. पण त्या एवढ्याशा कामात मी जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जन्माचं म्हणाल, तर मी मूळची बुटांच्या खोक्याचं झाकण. बूट कुणाच्या तरी पायात गेले, खोकं रद्दीत गेलं आणि मी बाईंच्या हाती लागले. बाई म्हणजे शाळेत वाचन शिकवणाऱ्या बाई. त्यांना कुठलीही वस्तू टाकवत नाही. त्यांनी झाकणाच्या पट्ट्या कापल्या, कडा घासून मऊ केल्या आणि सगळ्यांना एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं. माझ्या बहिणी कोऱ्या होत्या. माझ्या एका टोकाला बुटाच्या मापाचा आकडा राहून गेला होता, त्याचा मला उगाचच तोरा होता.

बाईंची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. एक गोल टेबल, बुटक्या खुर्च्या, एक खिडकी आणि दार नीट न लागणारं कपाट. वर्गात वाचनाला अडणारी मुलं चार-चारच्या गटानं इथे यायची. वर्गात अडखळलं की पन्नास पोरं हसतात. इथे हसायला तिघंच, आणि तीही अडखळणारीच. त्यामुळे कुणी फारसं हसत नसे.

आमच्या गटात एक होता शिंक्या. त्याची सर्दी बारमाही. दुसरा धावत्या, तो पहिलं अक्षर बघायचा आणि उरलेला शब्द स्वतःच्या मनानं करून मोकळा व्हायचा. तिसरी इतकं हळू वाचायची की बाई तिला मुंगी म्हणायच्या. आणि चौथी बारकी. घरात सगळ्यांत लहान म्हणून बारकी, ते नाव शाळेतही तिच्यामागून आलं. रोज डब्यात हात घालून ती मलाच शोधून काढायची. आकडेवाली पट्टी तिची, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाईंची एक पद्धत होती. ‘आधी मी, मग तुम्ही.’ त्या पान एकदा छान वाचून दाखवायच्या. मग खिडकीकडून सुरुवात करून एकेकानं तेच पान वाचायचं. बारकीनं पहिल्या दिवसापासून कपाटाजवळची खुर्ची पकडली होती. तिची पाळी सगळ्यांत शेवटी. आणि पाळी आली की बारकी असं वाचायची, की बाईंचा चेहरा खुलून जायचा. कुठे अडणं नाही, कुठे चुकणं नाही.

“ऐकलंत? असं वाचायचं,” बाई बाकीच्यांना म्हणायच्या.

मला मात्र पहिल्याच आठवड्यात खरं काय ते कळलं. मी तिसऱ्या ओळीखाली असायचे आणि बारकी पाचवी ओळ म्हणत असायची. तिची पाळी येईपर्यंत तिनं ते पान चारदा ऐकलेलं असायचं, आणि तिचे कान असे तयार, की आत गेलेलं सगळं जसंच्या तसं बाहेर यायचं. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे नुसती ओळीनं उभी असत. त्यांची नि तिची ओळख म्हणजे जेमतेम तोंडओळख.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माणसं म्हणतात. पण त्या झाकल्या मुठीला आतून किती घाम फुटलेला असतो, ते मला विचारा. भिजत होते मी.

असं का करत होती पोर? त्याचं उत्तर मला तिच्या खिशातून मिळालं. एकदा ती मला डब्यात टाकायला विसरली आणि मी तिच्याबरोबर घरी गेले. मग ते रोजचंच झालं.

शाळा सुटली की तिचे आजोबा फाटकाशी उभे असत. आजोबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता डोळ्यांवर धुकं आलं होतं. रंग दिसत, अक्षरं दिसत नसत. बारकीचा हात धरून ते बाजारातून चालायचे आणि प्रत्येक दुकानापाशी थांबायचे.

“ही पाटी काय म्हणते गं?”

बारकी नाक वर करायची. पावाचा वास आला की “बेकरी!” यंत्राचा खडखडाट आला की “शिंपीकाका!” आजोबा मान डोलवायचे. “शाबास. माझे डोळे गेले तर गेले, तुझे आलेत.” हे वाक्य ऐकलं की बारकीचा खिशातला हात माझ्याभोवती घट्ट व्हायचा. त्यांना कसं सांगायचं, की हे डोळे नव्हेत, नाक आहे?

एक दिवस गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानापुढे आजोबा थांबले. शटर खाली. वास नाही, आवाज नाही.

“आणि ही?”

बारकीनं दोनदा नाक वर केलं. मग म्हणाली, “साबणाचं दुकान.”

“असं होय,” आजोबा म्हणाले. “चल, पाय दुखायला लागले.”

त्याच आठवड्यात बाईंनी आजोबांना फाटकाशी गाठलं. “आजोबा, तोंड गोड करा! सोमवारपासून बारकीची वर्गात रवानगी. माझं काम झालं.”

आजोबांनी हात जोडले, पण लगेच विचारलं, “बाई, घाई तर नाही ना होत?”

“अहो, घडाघडा वाचते पोर!”

बारकी खाली बघत होती. मला तेव्हा तिची भीती अगदी बोटांमधून कळली. वर्गात आधी वाचून दाखवणारं कुणी नसतं. नवीन पुस्तक, नवीन पान, पन्नास तोंडं, आणि मध्ये उभी बारकी. तिथे एकदा गप्प झालेलं मूल पुढे कित्येक वर्षं गप्पच राहतं. बाईंच्या टेबलाशी अशी मोठी झालेली मुलंही आली होती. त्यांचे हात मी ओळखायचे. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाई, हिला सोडू नका. पण पुठ्ठ्याचं कोण ऐकतं?

शुक्रवारी शाळेत तापाची साथ. शिंक्या नाही, मुंगी नाही, धावत्याही नाही. टेबलाशी बारकी एकटी. आणि बाईंचा घसा असा बसलेला, की नुसती हवा बाहेर येत होती. त्यांनी गळ्याला रुमाल गुंडाळला होता. हसून त्यांनी नवीन पान उघडलं, घशाकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि मग बारकीकडे बोट केलं. आज मी नाही. तू वाच.

बारकीनं मला पहिल्या ओळीखाली ठेवलं. खोलीत इतकी शांतता, की जिन्यावरून कुणी उतरलेलं ऐकू आलं. तिनं एकदा खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग मान ताठ करून वाचायला लागली.

“एक होती शेळी. तिला टोपी खायची फार हौस…”

अगदी सुरेख वाचलं तिनं. आवाजात चढ, आवाजात उतार. मला एकेक ओळ खाली सरकवत ती पानाच्या शेवटापर्यंत गेली. फक्त ते पान शेळीचं नव्हतं. शेळीचं पान गेल्या आठवड्यातलं. हे पान नदीवरच्या पुलाचं होतं.

पितळ उघडं पडलं. बाईंनी पानाकडे पाहिलं, मग बारकीकडे. बारकीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. रडली नाही. मला टेबलावर ठेवून तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले, आता जे होईल ते होवो अशी बसली.

बाईंना रागवायचं असतं तरी आवाज नव्हता. पण त्यांना रागवायचं नव्हतंच, हे मी शपथेवर सांगते. त्या उठल्या, खिडकीजवळची खुर्ची ओढून कपाटाच्या बाजूला, बारकीच्या अगदी शेजारी येऊन बसल्या. मग त्यांनी मला उचललं आणि कात्री घेतली.

मी घाबरले. वाटलं, संपलं आपलं. पण बाईंनी माझ्या मधोमध एक लहानसा चौकोन कापला. एक अक्षर मावेल एवढी खिडकी. ती खिडकी त्यांनी पानावर ठेवली, आणि सगळी ओळ झाकली जाऊन एकच अक्षर उरलं.

बारकी त्या अक्षराकडे बघत राहिली. ऐकायला काही नव्हतं, वास घ्यायला काही नव्हता. बाई थांबल्या. शाळेची घंटा झाली, तरी थांबल्या.

“न,” बारकी म्हणाली. विचारल्यासारखं.

खिडकी सरकली.

“दी.” मग मागे जाऊन पुन्हा, “न… दी. नदी?” आणि तिनं बाईंकडे असं पाहिलं, जणू ती नदी टेबलावरूनच वाहत गेली.

बाईंचे डोळे भरले. फुसफुसत्या आवाजात त्यांनी एवढंच सांगितलं, “चूक माझी गं. रोज मीच वाचत होते. तू बिचारी ऐकत होतीस.”

सोमवारी बारकी वर्गात गेली नाही. मुलं बरी होऊन परतली तेव्हा बाईंची पद्धत बदललेली होती. आता त्या आधी वाचून दाखवत नसत. चौघांना चार वेगळी पानं. सगळ्यांनी एकदम, हळू आवाजात वाचायचं, आणि बाई एकेकाच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायच्या. मुंगीला हे फार मानवलं. धावत्याला माझ्यासारखी खिडकीवाली पट्टी मिळाली, तेव्हा त्यालाही शब्दाच्या शेवटापर्यंत चालत जावं लागलं. शिंक्या तेवढा शिंकतच राहिला.

आजोबांना बारकीनं इतकंच सांगितलं, “बाई म्हणाल्या, अजून थोडे दिवस यायचं.”

“बरं झालं,” आजोबा म्हणाले, आणि त्या दिवशी बाजारातून जाताना त्यांनी एकही पाटी विचारली नाही. पुढेही विचारली नाही.

मग पुष्कळ दिवसांनी, त्याच बंद दुकानापुढे, बारकी आपणहून थांबली. खिशातून मला काढलं, एक डोळा मिटला आणि मला डोळ्यासमोर उंच धरलं. माझ्या खिडकीतून पाटीवरचं एकेक अक्षर आत येऊ लागलं.

“ये… थे. येथे. चा… व्या…” तिथे ती बराच वेळ अडली. आजोबा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे. “चाव्या! ब… न… वून. बनवून. मि… ळ… तील. येथे चाव्या बनवून मिळतील!” आणि एकदम तिचा आवाज पडला. “आजोबा, हे साबणाचं दुकान नाहीये. मी तेव्हा खोटं बोलले. मला वाचताच येत नव्हतं.”

“मला ठाऊक होतं, बाळ.”

“कसं?”

“‘मिळतील’मधला ळ बघ. पोट जरा जास्तच सुटलंय ना त्याचं? तो काढला त्या दिवशी मला ताप होता. पाटी मीच रंगवलीय.”

बारकीनं मला पुन्हा वर धरलं. खरंच, ळ चांगला गरगरीत होता. ती हसायला लागली, आणि हसता हसता आजोबांच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडली. मी मध्ये चेपले गेले. माझा एक कोपरा तेव्हाच दुमडला, तो अजून तसाच आहे. मला त्याचं काही वाटत नाही.

“मग तेव्हाच का नाही बोललात?” तिनं विचारलं.

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो.”

बारकी पुढे वर्गात गेली, तेव्हा बाईंनी मला तिलाच देऊन टाकलं. आता तिला ओळीखाली पट्टी लागत नाही, खिडकीही लागत नाही. मी नुसती खूण झालेय. संध्याकाळी आजोबा खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, “काल कुठवर आलो होतो आपण?” बारकी माझं आकडेवालं टोक धरून पुस्तक उघडते आणि मला उजेड दिसतो. माझ्या कडा सोलल्यात, मधली खिडकी फाटून वाकडी झालीय. एक दिवस मी पानातच मोडेन. मोडले तरी पुस्तकातच असेन, आणखी काय हवं?

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या शेजारी बसून एखादं मूल वाचत असेल आणि अडलं, तर पुढचा शब्द चटकन सांगून टाकू नका. प्रेमानंही नको. थोडं थांबा.

काल बारकी एका लांबलचक शब्दापाशी अडली. आजोबांना तो शब्द नक्की ठाऊक असणार. असले शब्द त्यांनी हात-हातभर उंच रंगवलेत. पण ते काही बोलले नाहीत. हात मांडीवर ठेवून, धुकं आलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत, ते बसून राहिले. मग तिनं तो शब्द वाचला, आणि ते म्हणाले, “हं, पुढे.”