एक्केचाळीस वाचक

ग्रंथपालबाईंनी दोन्ही पुस्तकं साहेबांसमोर सरकवली, पण जाडं आपल्या हाताशी राहील असं बघून. मुख्य कचेरीतून आलेला हा माणूस फार नम्र होता आणि नेमकं तेच बाईंना खटकत होतं. खुर्चीवर बसायचीसुद्धा त्याने परवानगी मागितली होती.

“संस्कृतींच्या इतिहासावर यापुढे एकच पुस्तक ठेवायचंय. कोणतं, ते तुम्हीच सांगा, बाई.”

पातळ पुस्तक संस्कृती कशा उभ्या राहिल्या, तेवढं सांगून गुळगुळीत कागदावर थांबत होतं. जाडं पुढे जात होतं. कालवे गाळाने भरले, कोठारं रिकामी झाली आणि राजे तटबंदीला रंग देत बसले. बाईंचा या पुस्तकावर जीव होता.

“हे ठेवा.”

“हे? हे वाचतं कोण?”

बाईंना चेव चढला. पुस्तकाच्या खिशातलं कार्ड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

“मोजा. एक्केचाळीस जणांनी नेलंय. त्या पातळ्याला कुत्रंही विचारत नाही.”

खरं तर जाड्यालाही विचारत नव्हतं. वर्षभर कुणी नेलं नाही की पुस्तक रद्दीत जाई. म्हणून बाई अधूनमधून कुणाचं तरी नाव कार्डावर चढवून ते वाचवत आल्या होत्या. सगळ्यात आधी धाकटी जाऊ, मग कोपऱ्यावरचा न्हावी, निवृत्त चित्रकला शिक्षक. जाऊबाई तर औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेत. लबाडीच ती, पण बाईंना तिचा अभिमान होता.

साहेबांनी सगळी नावं सावकाश वाचली. मग कार्ड पाकिटात घालून पाकीट चिकटवलं.

“आणि पुस्तक?” बाईंनी विचारलं.

“राहू द्या की दोन्ही. पुस्तकांचं काय एवढं! आम्हाला वाचणारे हवे होते.”

बाईंनी पाकिटाकडे हात नेला, पण त्याने ते आपल्या बाजूला सरकवलं.

“साहेब, ती नावं मीच लिहिलीत हो. एकानेही हे पुस्तक उघडलेलं नाही. अक्षर बघा, सगळं माझंच आहे.”

“कार्डं तुम्हीच लिहिता ना? मग अक्षर तुमचंच असणार.” त्याचा आवाज जराही चढला नाही. “माणसांना सांभाळून घेताय, समजतं मला. बसा.”

बाई बसल्या. त्याने वहीचं कोरं पान उघडलं.

“पहिलं नाव तुमच्याच आडनावाचं दिसतंय. घरच्याच का या?”