नंबराने हाक मारू नका

मित्रांनो, मी एक जुना एनम आहे. एनम म्हणजे प्रोग्राममध्ये ठरवून दिलेली मोजकी नावं. त्यांच्याबाहेरचं काही आत शिरू शकत नाही. पत्रे दाबणाऱ्या एका अजस्र प्रेसच्या प्रोग्राममध्ये मी राहतो.

माझ्याआधी तिथे नुसते आकडे होते. एकदा भलताच आकडा शिरला, प्रेस धाडकन कोसळली आणि एका फिटरच्या तळहाताचा चेंदामेंदा झाला. मग प्रोग्राम लिहिणाऱ्या सूनबाईंनी मला घडवलं. त्यांचे सासरेच त्या प्रेसवर कामाला. महिरपी कंसात त्यांनी चार नावं मांडली: थांब, वर, खाली, दाब. पाचवं कुणी लिहिलं, की कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा, दारातच अडवायचा.

"देव पावला बघ!" मामंजी म्हणाले. मीही फुशारलो.

पुढे सूनबाईंना कारखान्यातच दुसरं काम मिळालं. एका घाईच्या इंजिनिअरने माझ्या यादीतच 'थांब'च्या पाठोपाठ नवं नाव घुसवलं: 'सावकाश', म्हणजे हळूहळू खाली ये. बाकीची नावं एकेक जागा मागे ढकलली गेली. बटणांची पेटी मात्र नाव नाही, जागेचा नंबर पाठवायची. नवी रांग तिला कुणी सांगितलीच नाही.

त्याच दिवशी पत्रा अडकला. मामंजींनी सवयीने 'वर'चं बटण दाबलं आणि न बघताच हात आत घातला.

"अहो, खाली येतंय!" शेजारचा ओरडला.

"वरच दाबलंय रे!" त्यांनी जिवाच्या आकांताने पुन्हा तेच दाबलं. हाडं कडकड मोडली. रक्ताची चिळकांडी उडाली. शेजाऱ्याने झेप घेऊन 'थांब' दाबलं. ते पहिलं नाव, जागचं हललं नव्हतं. प्रेस थांबली, पण हात खालीच. आता कुठलंही बटण दाबायची कुणाची छाती होईना.

सूनबाई धावत आल्या. पडद्यावर माझी रांग बघताच घोळ त्यांच्या ध्यानात आला.

"मामंजी, मी 'खाली'चं बटण दाबतेय. नंबर एकेक सरकलेत, तेच आता वर नेईल."

"खाली? अगं, जीव घेतेस का माझा?"

"माझ्यावर विश्वास ठेवा."

मामंजींनी डोळे मिटले. "घे देवाचं नाव."

प्रेस वर गेली.

हात वाचला, तीन बोटं गेली. बाळांनो, आम्हाला नावाने हाक मारा, रांगेतल्या नंबराने नको. नवं कुणी आणलंत, तर शेवटी बसवा. आमच्यात कुणी मधे घुसलं, तर आम्ही मुकाट सरकतो. आणि लोखंडाखाली कुणाचा हात आहे, हे आम्हाला दिसत नाही.