वासुकीचे तोंड कुणाकडे

मित्रांनो, न्हाणीत ज्या दगडावर बसून तुम्ही पाय घासता, तो मी एक जुना शिळाछापाचा दगड आहे आणि मी रागावलेलो आहे. का, ते क्रमाने सांगतो.

माझे तोंड वाळूने घासून आरशासारखे सपाट केलेले होते. चरबीच्या शाईने माझ्यावर उलटे चित्र काढायचे, मग पाणी फिरवायचे, मग शाईचा रूळ. कोरी जागा शाईला हटवते, रेघ तिला धरते, आणि कागदावर चित्र सुलटे उमटते. हैदराबादेत मी निजाम सरकारचे उर्दू फॉर्म छापले. १९४३ साली बैलगाडीने उमरग्याला, शरणबसप्पा आडत्यांच्या छापखान्यात आलो. तिथला चित्रकार ईरण्णा माझ्यावर बोटाचा डागही पडू देत नसे.

त्या वर्षी गुरांच्या बाजारावरून उमरगा आणि मुरूम यांच्यात चुरस पेटली. मुरूमची टिंगल करणारे चित्र हवे, असा मालकांचा हुकूम झाला. ईरण्णाने समुद्रमंथन काढले. वासुकीच्या तोंडाकडे मुरूमचे राक्षस, शेपटाकडे उमरग्याचे देव.

मालक कडाडले, "आमी शेपूट धरायचं? आमाला तोंडाकडं घे!"

"मालक, तोंडाकडं राक्षसच असतेत. मानासाठी हटून बसले आन् इखाचे फुत्कार खाल्ले त्यांनी."

"पुराण मला शिकवतूस? नावं बदल. सुळे त्यांना, मुकुट आमाला. आन् हसू आपलं झालं, तर उद्यापासून येऊ नगंस."

ईरण्णाने नावे, सुळे आणि मुकुट यांची अदलाबदल केली. दोनशे प्रती मुरूमच्या बाजारात डकवल्या. पुढचे, प्रती घेऊन गेलेल्या गाडीवानाने येऊन नक्कल करून सांगितले. बांगड्या विकणारी मथुराबाई चित्रापुढे थांबली आणि ओरडली, "अगं बया! मुकुट घातला म्हून काय झालं? तोंडाकडं उभारलेत, मंजी राक्षस उमरगेकरच की!" सारा बाजार खदखदला.

मालकांनी स्वतःच्या हट्टाचे खापर ईरण्णाच्या माथी फोडले. त्याला काढले आणि मला घरच्या न्हाणीत तोंड वर करून टाकले. उंबऱ्यातून ईरण्णा एवढेच बोलला, "मला काढा, मालक. पर दगड पालथा ठिवा. चरा पडला तर चित्र उठत न्हाय."

तेही कुणी ऐकले नाही! काम ज्याला कळत होते, त्याचे या घरात दोनदा ऐकले गेले नाही. मित्रांनो, मी ओला झालो की नीट पाहा. वासुकीचे तोंड आणि त्यापाशी मिरवणारे मुकुट अजून पुसट दिसतात. ते पुसले जावेत, असे मला मुळीच वाटत नाही.

तुम्ही तरी ईरण्णाचे ऐका. मला पालथा घाला.